गुगलवरून येणारे वाचक आटले, आता परसबागेच्या वेबसाइटचं काय करू?

पत्र: नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. २०१८ पासून गच्चीवरच्या आणि परसातल्या बागेबद्दल मराठीत वेबसाइट चालवते. आजवर २४० लेख झाले. जाहिरातींतून महिन्याला बावीस-तेवीस हजार रुपये यायचे. गेल्या दीड वर्षात ते पाच-सहा हजारांवर आले आणि काही महिने तर पैसे जमाच होत नाहीत. मराठीत काही विचारलं तरी गुगल वरच्या वर उत्तर देऊन टाकतं, खाली माझ्या लेखापर्यंत कोणी पोचतच नाही. भाचा म्हणतो, एआयकडून पाचशे लेख लिहून घेऊ. मैत्रिणी म्हणतात, यूट्यूबवर जा. घरचे म्हणतात, हे बंद कर आणि एखाद्या शाळेत नोकरी बघ. मी रोज झाडं बघते. ऊन, अवकाळी, कीड, सगळ्याशी ती जुळवून घेतात. मग मलाच का जमत नाही? वेबसाइट बंद करू की चालू ठेवू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर:

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ. वेबसाइट बंद करू नका, पण आज आहे तशी चालवूही नका. यातलं दुसरं जास्त कठीण आहे, म्हणून उत्तर जरा लांबलं आहे.

‘झाडं जुळवून घेतात, मलाच जमत नाही’ हे मात्र मनातून काढून टाका. जुळवून घेणं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवतो. तुमच्या जिल्ह्यातलीच गोष्ट बघा. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी मरायची आणि मग २०१७ च्या हंगामात तिनंच बोंडंच्या बोंडं पोखरली. अळी बदलली, असं आपण म्हणतो. खरं तर एकही अळी स्वतः बदलली नव्हती. बीटीचं विष न सोसणाऱ्या मेल्या, जन्मतःच सोसणाऱ्या ज्या थोड्या होत्या त्यांची पिलावळ वाढली, आणि हे पिढ्यान् पिढ्या चाललं. तो बदल जातीचा असतो आणि त्याची किंमत मेलेल्यांनी मोजलेली असते. ऑनलाइन कामाबद्दल ‘बदला, नाहीतर संपा’ असं जे उठसूट ऐकवलं जातं ते या जातीच्या हिशेबातलं आहे. एका घरातल्या एका बाईला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरा प्रकार एकाच झाडाच्या आयुष्यातला. मिरचीचं रोप सावलीत गेलं की पानं मोठी आणि पातळ होतात, पेरं लांबतात. तेच बी उन्हात लावलं तर पानं लहान आणि जाड, झाड बुटकं. बी बदलत नाही, हाताशी असलेलं अन्न कुठे खर्चायचं ते बदलतं. तुम्हाला एवढंच करायचं आहे. बागेची तुमची इतक्या वर्षांची नजर तीच राहील, वेळ कुठे घालायचा ते बदलेल.

पण आधी नेमकं काय कमी पडलंय ते बघू. पान पिवळं दिसलं म्हणून तुम्ही लगेच युरिया टाकत नाही. जुनी पानं पिवळी तर नत्राची कमतरता, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोहाची, हे तुम्ही वाचकांना शिकवलं असणारच. वेबसाइटवरही ‘वाचक कमी झाले’ हे नुसतं पिवळं पान आहे. कारणं चार-पाच असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

सर्च कन्सोल उघडा, म्हणजे आपली वेबसाइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन. परफॉर्मन्समध्ये जाऊन तारखांच्या जागी तुलनेचा पर्याय घ्या आणि गेल्या तीन महिन्यांसमोर मागच्या वर्षीचे तेच तीन महिने लावा. जूनची तुलना मे महिन्याशी करू नका. परसबागेची चौकशी मृगाच्या आसपास उसळते आणि कडक उन्हाळ्यात बसते, त्यामुळे लागोपाठच्या महिन्यांची तुलना तुम्हाला विनाकारण घाबरवेल नाहीतर विनाकारण खूश करेल. वरच्या चारही चौकटी चालू करा: क्लिक, इंप्रेशन (शोधात पान किती वेळा दिसलं), सीटीआर (दिसल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं) आणि सरासरी क्रमांक. मग पानांची यादी उघडून ती गुगल शीटमध्ये उतरवून घ्या. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामागची पुसली जाते. म्हणून ही शीट आजच काढा आणि यापुढे दर महिन्याच्या एक तारखेला काढत जा. तुमच्या चांगल्या दिवसांचा पुरावा रोज थोडा थोडा नाहीसा होतोय.

आता एकेका पानाकडे बघा. इंप्रेशन तेवढेच, क्रमांकही तोच, फक्त क्लिक पडले असतील, तर लोक शोधतायत, तुमचं नावही दिसतंय, पण उत्तर वरच मिळाल्यामुळे खाली यायची गरज राहिलेली नाही. हा फटका गुगल वरच्या वर देतं त्या नव्या एआय उत्तरांचा. क्रमांकच चौथ्यावरून पंधराव्यावर गेला असेल तर कारण दुसरं आहे: कोणीतरी जास्त चांगलं लिहिलंय किंवा गुगलनं मोठा फेरबदल केलाय. गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर प्रत्येक मोठ्या फेरबदलाच्या तारखा असतात, त्या तुमच्या घसरणीच्या तारखेशी ताडून बघा. क्रमांक तोच आणि इंप्रेशनच कमी, तर त्या विषयाची चौकशीच घटली. आणि एखादं पान एका दिवसात शून्यावर आलं असेल तर ते बहुधा तांत्रिक आहे. सर्च कन्सोलच्या पेजेस या अहवालात ते पान इंडेक्समधून, म्हणजे गुगलच्या पानांच्या नोंदीतून, बाहेर पडलंय का ते बघा. थीम बदलताना किंवा प्लगइन अपडेट करताना चुकून नोइंडेक्स (‘हे पान शोधात घेऊ नका’ अशी खूण) लागणं ही फार नेहमीची भानगड आहे.

एक सावधगिरी. सप्टेंबर २०२५ च्या मध्यावर गुगलनं एका पानावर १०० निकाल मागवायची जुनी सोय बंद केली. क्रमांक मोजणारी यंत्रं ती सोय वापरून खोलवरची पानं चाळायची, आणि त्यांचे फेरेही इंप्रेशन म्हणून मोजले जात. ते थांबल्यावर असंख्य वेबसाइटचे इंप्रेशन एकदम उतरलेले आणि सरासरी क्रमांक सुधारलेला दिसला. त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची तुलना करताना इंप्रेशनवर विसंबू नका, क्लिक धरून चाला. वरच्या एआय उत्तरांतून आलेले क्लिक सर्च कन्सोल वेगळे दाखवत नाही, ते नेहमीच्या आकड्यातच मिसळलेले असतात. म्हणून सीटीआरची घसरण हीच तुमची खूण.

काही महिने पैसे जमाच होत नाहीत, त्याचं कारण साधं आहे. ॲडसेन्स या गुगलच्या जाहिरात-सेवेतली शिल्लक १०० डॉलरपर्यंत पोचली तरच पैसे निघतात, आणि ते महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. कमी पडले तर रक्कम पुढे सरकते, बुडत नाही. पण घरखर्चाच्या हिशेबात ती ‘दरमहा’ म्हणून धरू नका. दर दोन-तीन महिन्यांनी येणारी रक्कम समजा, म्हणजे ओढाताण कमी होईल.

आता मुख्य काम. तुमच्याकडे कपाशीची फरदड घेतात. वेचणी संपली तरी पाणी देऊन झाड उभं ठेवायचं, दहा-पाच किलो कापूस आणखी निघेल या आशेनं. तो निघतोही. पण त्या उभ्या झाडांवर बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत पोसली जाते, रब्बीला मोकळं होणारं रान अडकतं, आणि म्हणून कृषी विद्यापीठं कपाशी डिसेंबर-जानेवारीत काढून टाका असं कानीकपाळी ओरडतात. जुन्या लेखांत इकडचा शब्द तिकडे करून, तारीख नवी टाकून पुन्हा पुन्हा तेच प्रसिद्ध करत राहणं ही वेबसाइटची फरदड आहे. ‘तुळशीला पाणी किती द्यावं’ यासारख्या लेखाचं काम वरच्या उत्तरानं कायमचं घेतलंय. तो लेख सहा वेळा सुधारलात तरी वाचक परत येणार नाही. रोजचे दोन तास तिथे जात असतील तर ते आजच थांबवा.

मात्र उपटून फेकूही नका. इथे साग बघा. माघ-फाल्गुनात तुमच्याकडची सागवनं उघडीबोडकी होतात. पान गाळायच्या आधी झाड त्या पानातलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडतं, त्यातलं नत्र आणि स्फुरद साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त खोडाकडे परत ओढून घेतं, आणि मगच देठाशी पेशींचा पातळ थर तयार होऊन पान सुटतं. कॅल्शियम तेवढं पानातच राहतं, कारण ते पेशींच्या भिंतीत पक्कं बसलेलं असतं, परत निघत नाही. म्हणजे झाड उरलेलं सगळं वाचवत बसत नाही आणि सगळं टाकूनही देत नाही. जे परत येण्यासारखं आहे ते काढून घेतं, उरलेलं जाऊ देतं.

तुमच्या २४० लेखांचं असंच करायचं. शीटमध्ये एक रकाना वाढवा आणि प्रत्येक लेखासमोर तीनपैकी एक खूण करा. पहिली खूण, ज्याचं उत्तर दोन ओळींत संपतं अशा लेखांना. दुसरी, ज्यात तुमची जागा, तुमचं ऊन, तुमची माती, तुमचे फोटो आहेत अशांना. तिसरी, दर वर्षी ठरावीक महिन्यात लागणाऱ्या लेखांना, जसं जूनमधल्या वेलभाज्या किंवा सप्टेंबरमधली टोमॅटोची रोपं. शंभराहून जास्त लेखांना पहिलीच खूण लागली तर घाबरू नका, सात-आठ वर्षं चाललेल्या माहितीपर वेबसाइटवर ते साहजिक आहे.

मग पहिल्या ढिगातल्या प्रत्येक लेखातून कामाचं बाहेर काढा: तुम्ही स्वतः काढलेले फोटो, कुठे वजन, लिटर, दिवस मोजलेले असतील ते आकडे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली वाचकांनी विचारलेले प्रश्न. ते प्रश्न वेगळ्या शीटमध्ये घ्या, सोबत गाव आणि महिना लिहा. आठ वर्षांतले हे प्रश्न दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

यानंतर लेख एकत्र करा. तुळशीवरचे नऊ लेख असतील तर त्यांचा एक नीट लेख बनवा. कोणता पत्ता ठेवायचा? ज्याला बाहेरच्या वेबसाइटवरून सर्वांत जास्त दुवे आहेत आणि अजूनही थोडेफार क्लिक येतात, तो. बाकीच्या आठ पत्त्यांवरून त्याच्याकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावा आणि तो किमान वर्षभर काढू नका. इथे दोन चुका सर्रास होतात. एक, बंद केलेली सगळी पानं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणं. तुळशीबद्दल विचारणाऱ्याला मुखपृष्ठावर आणून सोडलं की गुगल ते पान नसल्यासारखंच धरतं आणि जुन्या पानाची पुण्याई वाया जाते. जोडीचा लेख नसेल तर ते पान सरळ काढून टाका, सापडत नाही असा संदेश दिसला तरी चालेल. दुसरी चूक म्हणजे एका रात्रीत शंभर लेख उडवणं. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही. आधी संपूर्ण वेबसाइटचा बॅकअप स्वतःच्या संगणकावर घ्या, मग पंधरा-वीस लेखांची एक तुकडी हाताळा, तीन-चार आठवडे थांबून आकडे बघा, मग पुढची तुकडी. जून-जुलै हा तुमचा सुगीचा काळ. त्याच्या ऐन तोंडावर ही मोडतोड नको. एप्रिलअखेर जेवढं होईल तेवढं करा, उरलेलं दिवाळीनंतर.

यातून जे तास मोकळे होतील ते दुसऱ्या ढिगाकडे वळवा. तो लेख कसा असावा, ते एका उदाहरणावर बघू. ‘टोमॅटोची फुलं का गळतात’ असं तुमचं पान असेल. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचं २४-२५ च्या पुढे राहिलं की परागकण निकामी होतात, फळ धरत नाही आणि फूल गळतं. एवढं उत्तर यंत्र देतंच. जे ते देत नाही ते असं: यवतमाळात सिमेंटच्या उघड्या गच्चीवर कोणत्या आठवड्यात फळधारणा थांबली, पन्नास टक्के सावलीची जाळी लावल्यावर ती किती दिवस लांबली, ऑगस्टअखेर लावलेल्या आणि ऑक्टोबरमध्ये लावलेल्या रोपांना प्रत्येकी किती किलो फळं आली. कुंडीतल्या मातीचंही तसंच. कुंडी कशी भरावी हे सांगणारे बहुतेक लेख लाल किंवा हलकी माती गृहीत धरतात. तुमच्याकडची काळी माती भरपूर भरली तर पावसात चिखल होऊन मुळं गुदमरतात आणि उन्हात भेगा पडून पाणी कडेनं वाहून जातं. ती एक तृतीयांशाच्या वर न घेता बाकी कुजलेलं शेणखत, कोकोपीट आणि जाड वाळू कशी मिसळायची, आणि १५ लिटरच्या कुंडीत महिन्याभरानं मिश्रण किती बोटं खाली बसतं, हे विदर्भातल्या वाचकाला दुसरं कोण सांगणार? लेखात जागा, महिना, कुंडीचं माप, पहिल्या दिवसाचा आणि तिसाव्या दिवसाचा फोटो, आणि काय फसलं ते द्या. फोटोत मोजपट्टी ठेवा. आठवड्याला असा एक लेख पुरे.

पण एवढ्यानं जुनी मिळकत परत येईल असं मी सांगणार नाही. हे लेख वाचक टिकवतील. घर चालवायला दुसरं पीक लागेल.

तुमच्या भागात सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी घेतात. ही जोडी जमते, कारण दोघी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. तूर पहिले दीड-दोन महिने हळू वाढते, तोवर सोयाबीन पसरून घेतं. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघून गेलं की तुरीला रान मोकळं मिळतं आणि खोल गेलेल्या मुळांनी ती खालच्या ओलीवर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. पण या जोडीची मर्यादाही तुम्हाला ठाऊक आहे: रानात पाणी साचून राहिलं तर दोन्ही जातात. म्हणून दुसरी मिळकत निवडताना एकच प्रश्न विचारा. पहिली ज्या कारणानं बुडाली, त्याच कारणानं ही बुडेल का?

या कसोटीवर यूट्यूब लावून बघा. यूट्यूबही गुगलचंच, जाहिरातींचे पैसेही ॲडसेन्समार्फतच. म्हणजे रान तेच, फक्त ओळ वेगळी. वाईट नाही, पण आधार म्हणून पुरेसं नाही. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉक भारतात बंद झालं तेव्हा गावागावांतल्या कितीतरी जणांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. ज्यांनी दुसरीकडेही बस्तान बसवलं होतं, त्यांना नव्यानं सुरुवात करावी लागली नाही. शिवाय यूट्यूबचा उंबरठा लक्षात घ्या: जाहिरातींच्या पैशासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघणं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. सरासरी माणूस तुमचा व्हिडिओ तीन मिनिटं बघत असेल, तर ४,००० तासांसाठी ८०,००० वेळा बघितला जायला हवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो, कारण पहिल्या सरीवर पेरलेलं बी उगवतं आणि मग उघडीप आली की करपतं, दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. तसा एक आकडा इथे ठरवून घ्या. आहे त्या मोबाइलवर, नैसर्गिक उजेडात बारा व्हिडिओ करा, प्रत्येक तीन ते पाच मिनिटांचा, तुमच्या दुसऱ्या ढिगातल्या लेखांवरून. बारापैकी तीन-चार व्हिडिओ तुमच्या नेहमीच्या वाचकांच्या बाहेर गेले तर पुढे चालू ठेवा. तोवर कॅमेरा, माइक, संपादनाचं वार्षिक सॉफ्टवेअर, काही घेऊ नका.

मला तुमच्यासाठी जास्त भरवशाचं वाटतं ते प्रत्यक्ष शिकवणं. तुमच्या तालुक्यात आणि जिल्ह्याच्या गावी गच्च्या आहेत, शाळांमध्ये पोषण आहाराच्या परसबागा आहेत, उमेद अभियानाच्या बचतगटांमार्फत गावोगावी पोषण परसबागा लावल्या जातात. या सगळ्यांना शिकवणारं माणूस लागतं. त्यांच्यापर्यंत पोचायला गुगल लागत नाही, आणि आठ वर्षांची वेबसाइट हीच तुमची ओळखपत्रिका. सुरुवात छोटी करा: दोन तासांची कार्यशाळा, पंधरा माणसं, प्रत्येकी ४०० रुपये. ६,००० जमले, त्यातून जागा, माती, कुंड्या, चहा यांचे दीड हजार गेले तरी साडेचार हजार उरतात. महिन्यात दोन जमल्या तर आजच्या जाहिरातींच्या पैशांपेक्षा जास्त. ऑनलाइन घ्यायची तर गुगल मीटवर फुकट खात्यात तीन किंवा जास्त माणसांची बैठक ६० मिनिटांनी तुटते आणि झूमवर ४० मिनिटांनी. मधे विश्रांती ठेवून दोन वेगळे दुवे आधीच पाठवून ठेवा. जोडीला विदर्भाच्या गच्चीसाठी बारा महिन्यांचं लागवडीचं कॅलेंडर पीडीएफमध्ये शंभर-दीडशे रुपयांना ठेवता येईल. तिसऱ्या ढिगाचे लेख त्यासाठी तयारच आहेत.

बियाणं, गांडूळखत किंवा कडुनिंबाच्या तेलाची औषधं विकण्याचा मोह होईल, वाचकही मागतील. तिथे थांबा. बियाणं विकायला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो, खतांना १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे, आणि कीडनाशकांना १९६८ चा कायदा. कृषी विभागात चौकशी करून परवाना काढणार असाल तर जरूर विका, पण ‘घरगुती आहे, कोण विचारतं’ असं म्हणून पाकिटं पाठवू नका.

वाचकांशी थेट दोरी बांधणं हे याच्याइतकंच महत्त्वाचं. व्हॉट्सॲप चॅनल काढा, पण तिथे लोकांचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत. उद्या चॅनल गेलं तर माणसं गेली. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यानं तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक चांगल्या लेखाखाली एक छोटा गुगल फॉर्म द्या: नाव, तालुका, गच्चीवर ऊन किती तास येतं, नंबर किंवा ईमेल, आणि महिन्याला दोन निरोप पाठवले तर चालतील का, असा स्पष्ट प्रश्न. ज्यांनी हो म्हटलं त्यांनाच पाठवा. उन्हाचा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. त्या एका रकान्यावरून पुढची कार्यशाळा सावलीतल्या पालेभाज्यांची ठेवायची की फळभाज्यांची, हे ठरतं.

तुमच्या भाच्याचा हेतू चांगला आहे, पण पाचशे लेखांना ठाम नाही म्हणा. मार्च २०२४ मध्ये गुगलनं नियम स्पष्ट केला: शोधात वर येण्यासाठी ढिगानं बनवलेला, वाचकाला नवं काही न देणारा मजकूर यंत्रानं लिहिलेला असो की माणसानं, तो स्पॅम. कारवाई झाली तर तुमचे खरे लेखही शोधातून जातात. आणि नियम नसता तरी त्यात अर्थ नव्हता. जे उत्तर यंत्र वरच्या वर फुकट देतं, तेच त्याच्याकडून लिहून घेऊन खाली ठेवलं तर ते उघडायला कोण येईल? भाच्याला खरं काम द्या: २४० लेखांची शीट, रीडायरेक्टची यादी, दर महिन्याचा बॅकअप. एआयही तिथेच वापरा. वाचकांचे शेकडो प्रश्न विषयवार लावायला, व्हिडिओची लिखित प्रत काढायला ते उत्तम आहे. मात्र औषधाचं प्रमाण, फवारणी आणि काढणीमधले दिवस, विषारी वनस्पती यांबाबत त्यानं दिलेला एकही आकडा पडताळल्याशिवाय छापू नका.

राहिला नोकरीचा प्रश्न. घरचे चुकीचं सांगत नाहीत. वर सांगितलेलं सगळं रुजायला दोन हंगाम लागतील आणि तोवर घरात पैसा हवा. अर्धवेळ नोकरी मिळत असेल तर घ्या. ती घेतली म्हणून तुम्ही हरलात असं होत नाही. आठवड्याला आठ तास वेबसाइटला राखून ठेवा: दर आठवड्याला एक लेख, आणि महिन्यातून एक तुकडी एकत्र करणं व दोन कार्यशाळा. नोकरीच्या धांदलीत डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या नावाचं, नूतनीकरण मात्र विसरू नका. मुदत संपून महिना-दीड महिना गेला की ते सोडवायला जबर दंड पडतो आणि त्यानंतर कोणीही ते विकत घेऊ शकतं. पाच वर्षांचं एकदम भरून टाका आणि खात्याचा ईमेल तुमचा स्वतःचाच आहे ना, ते एकदा तपासा. वेबसाइट कोणीतरी ओळखीच्यानं करून दिलेली असेल तर डोमेन त्याच्या नावावर निघतं, हे फार वेळा होतं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये शीट पुन्हा उघडा. जाहिराती, कार्यशाळा, कॅलेंडर, व्हिडिओ यांचा प्रत्येकी निव्वळ पैसा आणि प्रत्येकावर गेलेले तास शेजारी मांडा. तासाला सर्वांत कमी देणारी गोष्ट बंद करा, मग ती तुमची आवडती असली तरी. फॉर्मवर हो म्हणणारे तोवर तीनशेच्या वर गेले असतील तर नोकरी सोडण्याचा विचार करायला हरकत नाही. शंभराच्या आत असतील तर नोकरी चालू ठेवा आणि कार्यशाळांसाठी आणखी दोन तालुके धरा.

– सल्लागार, सल्ला सदर